सातव्या मजल्यावरची फॅमिली

"बॅचलर को नहीं देते," सेक्रेटरी ममताबेन म्हणाल्या. "फॅमिली दिखाओ."

सिल्व्हर पार्कातल्या सोसायटीचा नियमच तसा होता. म्हणून अमोलने चिपळूणहून वडिलांना बोलावून घेतलं. आठ दिवस घरात वडीलधारं माणूस दिसलं की झालं.

वडील, नाथा, आले ते मनात भाषण तयार करूनच. शाळेतली कारकुनी संपून दोन वर्षं झाली, आणि पोराला हॉस्टेल चालत नाही! तिघांत एक खोली चालत नाही! 'स्पेस' पाहिजे, तीही बापाच्या पेन्शनीतून!

"आमच्या वेळी..." बेडरूमच्या दारातच त्यांनी सुरुवात केली.

"बाबा, आधी बसा तरी." अमोलने एसी लावला.

ते बसले. मग जरा टेकले. मग...

संध्याकाळ झाली होती.

खिडकीखाली लांबवर मिठागरं पसरली होती, चौकोनाचौकोनांत आभाळ वाळत घातल्यासारखी. पलंग त्यांच्यावरून हळूहळू तरंगत चाललाय असं नाथांना वाटलं. साठ वर्षांत ते पहिल्यांदाच दार लावून झोपले होते. गावी आधी पाच भावंडं, मग पाहुणे, मग मुलं. त्यांचं अंथरूण कायम ओटीवर, येणाऱ्याजाणाऱ्याच्या पायांत.

भाषण उद्यावर गेलं. अमोलची गादी हॉलमध्ये आली.

तिसऱ्या दिवशी ममताबेन बघायला आल्या. "काका, दिनभर घर पे ही होते हो?"

"हां. सोता हूँ."

असा रिकामा आणि समाधानी माणूस त्या सोसायटीत पूर्वी कुणी पाहिला नव्हता. नाथांना तिथल्या तिथे कमिटीवर घेण्यात आलं. भाडेकरू चालतो का, हे विचारायचंही कुणाला सुचलं नाही. काकांचा हॉल मोकळा, म्हणून मीटिंगा तिथेच. सोमवारी पाण्याचा पंप, मंगळवारी पार्किंग, बुधवारी परत पंप.

गादी किचनमध्ये गेली.

"बाबा, परीक्षा आहे माझी!"

"मग कर की अभ्यास. दिवा आहे, पंखा आहे. आमच्या वेळी..." भाषण एकदाचं सुरू झालं, पण नाथांना जांभई आली आणि ते अर्ध्यावरच राहिलं. "आणि हे बघ, आत येताना दार वाजवत जा. माणसाला जरा स्पेस लागते."

नवव्या दिवशी अमोलने त्यांची बॅग भरून दाराशी ठेवली.

"जाता येणार नाही रे," नाथा बाल्कनीतून स्वप्नात बोलल्यासारखे म्हणाले. "फॅमिली हलली की फ्लॅट खाली करायचा, असा ठराव झालाय काल."

"कुणी केला?"

"एकमताने झाला. मीच मांडला."

अमोलने गॅस सिलिंडर आणि फ्रिजच्या मधे बसून आईला फोन लावला. सगळं सांगितलं. "आई, तू बोल ना त्यांच्याशी. तुझं ऐकतील. बोलावून घे त्यांना."



"अमोल," पलीकडून आई हळूच म्हणाली, "काल दुपारी मी दोन्ही हात पसरून झोपले रे. कुणी चहा मागितला नाही. स्वप्न पडलं, ते पण शेवटपर्यंत."

"आई..."

"भाडं कमी पडलं तर मला सांग हो. ह्यांना कळवू नकोस."