मौनाचा अकरावा दिवस

काकूंचे रिपोर्ट नीट आले तर अकरा दिवस मौन पाळीन, असं काका देवापुढे बोलून बसले होते. रिपोर्ट नीट आले आणि काकूंचे हाल सुरू झाले. नियम काकांच्या आजोबांपासून चालत आलेला. एक शब्द जरी तोंडातून गेला तरी मोजणी पुन्हा पहिल्या दिवसापासून. दहा दिवस काकू खुणा ओळखत होत्या. नाकाला बोट म्हणजे चष्मा की रुमाल, हे ठरेपर्यंत चहा उतू जायचा. "दुखणं माझं, नवस यांचा आणि शिक्षाही मलाच," असं त्या बहिणीला फोनवर सांगायच्या, तेव्हा काका समोर बसून मान डोलवायचे.

अकराव्या दिवशी दुपारी काका पिशवीभर भाजी घेऊन परत येत होते, तेवढ्यात लिफ्ट तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मध्ये अडकली. लिफ्ट नवी होती. लाल बटण दाबलं की थेट कंपनीतली बाई बोलायची. काकांनी बटण दाबलं.

"नमस्कार, कोण बोलतंय?"

काका कसले बोलतायत.

"सर, ऐकू येतंय का? तब्येत बरी आहे ना?"

बटण दाबून जो बोलत नाही तो बेशुद्ध, असं कंपनीच्या नियमात लिहिलेलं होतं. बाईने अग्निशमन दलाला फोन केला, ॲम्ब्युलन्सला केला आणि शेवटी सोसायटीच्या सेक्रेटरींना केला. सेक्रेटरी धापा टाकत काकूंच्या दारात आले.

काकू चौथ्या मजल्यावर लिफ्टच्या दाराशी जाऊन उभ्या राहिल्या. "बेशुद्ध नाहीत हो, मौनात आहेत," त्या म्हणाल्या. मग दाराला तोंड लावून, "अहो, एकदा हो म्हणा, म्हणजे ही सगळी वरात परत जाईल."

आतून काही नाही.

"बरं, ठोका तरी. एकदा म्हणजे हो, दोनदा म्हणजे नाही. बरे आहात ना?"

ठक.

सेक्रेटरी पुढे सरसावले. प्रत्येक गोष्टीची नोंद पक्की हवी, असा त्यांचा खाक्या. "काका, आत तुम्ही एकटेच आहात ना?"

आत पिशवी खाली ठेवल्याचा आवाज आला. मग ठक, ठक.

जिन्यात जमलेल्या शेजाऱ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. दुसरं कोण, ते काही ठोकून सांगता येईना. सेक्रेटरी मजल्यामजल्यावर फिरून कोण घरात नाही याची यादी करून आले. "शिवणक्लासच्या बाई घरी नाहीत," ते आवाज खाली घेत म्हणाले, "आणि फोनही उचलत नाहीत."

सगळे काकूंकडे बघायला लागले. काकू पायरीवर बसल्या. "असं बघू नका," त्या म्हणाल्या. "पाय दुखतायत म्हणून बसले."

तेवढ्यात जवान आले. त्यांनी दार फाकवलं. आत काका होते आणि भाजीची पिशवी होती.

"दुसरं माणूस कुठाय?" जवानांच्या प्रमुखाने विचारलं.

काकांनी भक्तिभावाने बोट वर केलं. झालं. प्रमुख आणि एक जवान लिफ्टच्या टपावर चढले, टॉर्च मारून शोधू लागले. तिसरा गच्चीवरच्या मशीनच्या खोलीचं कुलूप तोडायला धावला.

"अहो, उतरा खाली," काकू म्हणाल्या. "वर म्हणजे अगदी वर. देव बरोबर होता, म्हणून एकटे नव्हते."

प्रमुख टपावरून उतरला आणि काळे झालेले हात पुसत काकांकडे बघत राहिला. "आजोबा, एकदा हो म्हणाला असतात तर काय बिघडलं असतं?"

काकांनी आधी दहा बोटं दाखवली, मग एक. तो माणसं घेऊन निघून गेला.

सूर्य मावळला तसा काकांनी घसा खाकरला. आवाज चिरका निघाला.

"तुला फार त्रास दिला गं. पण मला भीतीच बसली होती. चुकून एखादा शब्द गेला, आणि तुझं ते दुखणं पुन्हा..."

काकूंचा दिवसभराचा राग कुठल्या कुठे गेला. मौनाच्या पहिल्या रात्रीपासून काका झोपेत चांगलं खणखणीत विचारत होते, "रिपोर्ट आला का गं?" आणि "आला, नीट आहे, झोपा आता," असं काकूंनी सांगितल्याशिवाय गप्प होत नव्हते. एक रात्र चुकली नव्हती.

"खरंच काही गेलं नाही ना तोंडातून?" काकांनी विचारलं.

"ब्रसुद्धा नाही," काकू म्हणाल्या.