नियाजमियाँचं मीठ

"घरात किती जण हाय, खाला?" दारातल्या पोरीनं विचारलं आणि कुलसुमबींनी पटकन सांगून टाकलं, "पाच."

आता यात त्यांची काही चूक नाही. छातीला बिल्ला लावून, हातात कागद धरून कोणी दारात उभं राहिलं, की आपल्या वऱ्हाडात माणूस घरात डोकावून डोकी मोजत बसत नाही. रेशनकार्डावर जितकी नावं, तितकी माणसं. कुलसुमबींच्या कार्डावर पाच होती. त्या स्वतः, त्यांचे शोहर नियाजमियाँ, मुलगा फुरकान, सून तुबा आणि नात अलीझा. पैकी नियाजमियाँ केव्हाच कब्रस्तानात जाऊन निजले होते. बाकीची तिघं चाकणला. इतवारा बाजारातलं कापडाचं दुकान होतं तेव्हा सगळे इथंच होते. पण कापसाला भाव मिळेना, तशी खेड्यापाड्यांतली लग्नं चार साड्यांत उरकू लागली, दुकान बसलं आणि फुरकाननं पुण्याकडची गाडी धरली. नावं कापायची राहून गेली. तहसीलच्या रांगेत कोण उभं राहील, असं कुलसुमबी लोकांना सांगत. खरी गोष्ट अशी, की त्यांचं मन धजत नव्हतं.

बिल्ल्यावाली पोरगी सरकारी नव्हतीच. ती नीलम, मोर्शीकडची, अमरावतीत खोली करून राहणारी. नागपूरच्या 'ठसका चिकन'वाल्यांकडे कामाला होती. अमरावती-अकोल्यात त्यांची दुकानं निघाली होती आणि आता 'तिखट लेगपीस' नावाचा नवा प्रकार आणायचा होता. या कंपन्या म्हणे नवीन पदार्थ असा उचलून पाटीवर लिहीत नाहीत. आधी काही घरं धरतात, दर शुक्रवारी डबे पाठवतात, घरच्यांच्या तक्रारी ऐकतात, पदार्थ सुधारतात आणि पुन्हा पाठवतात. तक्रारी संपल्या की पदार्थ दुकानात. नीलमला आजोबांपासून नातीपर्यंत भरलेलं घर हवं होतं, ते सापडलं. तिनं नावं लिहून घेतली, फोन नंबर विचारला. कुलसुमबींना स्वतःचा नंबर येत नव्हता. येईल कसा, कोणी विचारलंच नव्हतं. फुरकानचा तोंडपाठ होता, तो दिला.

पोरीनं पिशवीतून गरम गरम पाच डबे आणि मत लिहायचे पाच कागद काढले तेव्हा कुलसुमबींच्या डोक्यात प्रकाश पडला. तेव्हाच खरं सांगता आलं असतं. पण पोरगी उन्हातून आली होती. तांब्याभर पाणी पिऊन ती हसली आणि म्हणाली, "उद्या येते खाला, कागद न्यायले." उद्या आपल्या दारावर कोणीतरी येणार, हे ऐकून कुलसुमबींची जीभ टाळ्याला चिकटली ती चिकटलीच.

कंपनीचं खायचं आणि खोटं लिहायचं, हेही त्यांना पटेना. म्हणून त्यांनी दस्तरखान पसरला, पाच ताटल्या मांडल्या आणि प्रत्येकाच्या जागी बसून खायला घेतलं. फुरकानच्या जागी मोठा घास. घरी येईस्तोवर वरचं आवरण मऊ पडतं, अशी तक्रार. तुबाच्या जागी चिमटीनं खाणं आणि तेल किती हे, म्हणून नाक मुरडणं. अलीझा लहानपणापासून वरचं कुरकुरीत तेवढं सोलून खायची, तिला ते आणखी जाड पाहिजे. मधे मधे पाणी प्यायचं असा कंपनीचा नियम होता, तोही पाळला. शेवटी भिंतीशी टेकून त्या नियाजमियाँच्या जागी बसल्या, एक तुकडा तोंडात टाकला आणि नकळत पुटपुटल्या, "नमक कम है." मग स्वतःशीच खूप हसल्या. कितीतरी दिवसांनी घर भरल्यासारखं वाटलं. उरलेल्या तुकड्यांनी गल्लीतल्या पोरांची चंगळ झाली.

नियाजमियाँ हे मिठाच्या बाबतीत अजब प्रकरण होतं. कुलसुमबी या घरात नवरी म्हणून आल्या तेव्हापासून मीठ बरोबर आहे, असं त्या माणसाच्या तोंडून कधी निघालं नाही. फुरकानच्या लग्नाच्या दावतीची, वलीम्याची बिर्याणी सगळा मोहल्ला बोटं चाटत खात होता, तेव्हाही हे आचाऱ्याला बाजूला घेऊन समजावत होते.

पुढच्या आठवड्यात नीलम आली ती खुशीतच. बाकीच्या घरांतून नुसतं 'मस्त हाय' असं लिहून येतं, तुमच्या घरात एकाचं एकाले पटत नाही, म्हणून साहेब लय खूश झाले, असं तिनं सांगितलं.

"आमच्यात पहिल्यापासून असंच हाय, बेटा," कुलसुमबी म्हणाल्या आणि त्यांना उगाच अभिमान वाटला.

मग काय, गाडी सुटली. फुरकानच्या शब्दावर डब्याला वाफ जायला भोकं पडली. तुबामुळे तेल निथळायची जाळी बदलली. अलीझासाठी पिठाचा दुसरा हात लागला. नियाजमियाँसाठी मीठ चिमूटभर वाढलं आणि पुढच्या शुक्रवारी त्यांचा शेरा आला, मीठ कमी आहे. म्हाताऱ्या माणसाच्या जिभेला काहीतरी कळत असणार, असं म्हणून नागपूरचे देवीदाससाहेब विचारात पडले.

नीलमला आता या माणसांना भेटायचं होतं. दर वेळी उत्तर तयार. फुरकान कामावर, तुबा माहेरी अचलपूरला, अलीझा ट्यूशनला. आजोबांची विचारपूस झाली की कुलसुमबी सांगायच्या, झोपले हाय. हे काही अगदीच खोटं नव्हतं. एकदा नीलम हळूच म्हणाली, "आजोबा लय झोपते, खाला," आणि कुलसुमबींनी चहाचं निमित्त करून चूल गाठली.

आणि मग एका शुक्रवारी ती पडेल चेहऱ्यानं आली. अकोल्यात कंपनीच्या एका पोरीनं खोलीवर बसून स्वतःच कागद भरले होते, तिला काढून टाकलं होतं. आता येत्या सोमवारपासून देवीदाससाहेब स्वतः प्रत्येक घरी फोन करून खात्री करणार होते. "तुमच्या घरची मले काळजी नाही," नीलम म्हणाली. "फुरकानभाऊंचा नंबर देलाच हाय."

काळजी कुलसुमबींना लागली. आपलं काय, आपले शुक्रवार जातील आणि घर पुन्हा मुकं होईल. पण या पोरीची नोकरी जाईल, तेही आपल्या पायी. त्यांनी फुरकानला फोन लावला. उचलला नाही. शनिवारी लावला, तो कामावर होता. रविवारी उचलला, मागे माणसांचा गलका होता. "अम्मी, मेहमान आए हैं, बाद में करता," म्हणाला आणि ठेवून दिला. बाद में म्हणजे कधी, हे त्यांना ठाऊक होतं. मागच्या ईदेला म्हणालेलं 'बाद में' अजून यायचं होतं. आणि सांगणार तरी काय होत्या? की तू इथंच राहतोस, तुझे अब्बाही राहतात आणि दोघं मिळून दर जुम्म्याला कोंबडी खाता? आपल्याच पोराशी खोटं बोलायलासुद्धा त्याचा वेळ मागावा लागतो, याचं त्यांना फार वाईट वाटलं.

सोमवारी दुपारी त्यांनी ठरवलं की नीलमच्या दुकानात जायचं, सगळं कबूल करायचं आणि तिथून फोन लावून साहेबांची माफी मागायची. बुरखा घातला, कुलूप हातात घेतलं, तेवढ्यात फोन वाजला. फुरकान होता.

"अम्मी," तो म्हणाला. "अब्बा को नमक कम लगा बोलते."

कुलसुमबी कुलूप घेऊन तिथंच उंबऱ्यावर बसल्या. "हाँ," त्या म्हणाल्या.

हळूहळू सगळं बाहेर आलं. नागपूरच्या साहेबांचा फोन आला तेव्हा फुरकान 'राँग नंबर' म्हणणारच होता. तेवढ्यात ते म्हणाले, तुमचे वडील मोठे चिकित्सक आहेत, शुक्रवारी पुन्हा मीठ कमी म्हणाले. ते ऐकलं आणि त्यानं फोन कानालाच धरून ठेवला.

"फिर मैंने बोल दिया, हाँ साब, अब्बा पहले से ऐसेइच हैं," फुरकान म्हणाला. पुढचं त्यानं घाईघाईनं सांगितलं. "वो अब हर सोमवार को पूछने वाले हैं. मैं इतवार को फोन करूँगा. मैंने क्या खाया, मेरे को मालूम तो होना."

तेव्हापासून दर रविवारी चाकणहून फोन यायला लागला. पहिल्यांदा कामापुरता. मग तुबानं फोन हिसकावला. आपण तेलाबद्दल असं कधी बोललोच नाही, असं तिचं म्हणणं होतं. कुलसुमबींनी तिला तिच्याच मेहंदीच्या दिवशीचे समोसे आठवून दिले. अलीझाला आपल्या लेगपीसवर चीज हवं होतं, तिनं दादीला मत बदलायला लावलं. न खाल्लेल्या कोंबडीवरून तिकडे कडाक्याची भांडणं व्हायची आणि इकडे कुलसुमबी फोन कानाला लावून डोळे मिटून ऐकायच्या. भात करपायचा.

पण सुख काही टिकत नाही. पदार्थ चांगला होत चालला होता. एका शुक्रवारी नीलम डबे ठेवत म्हणाली, सगळ्या घरांच्या तक्रारी संपल्या. तुमच्याकडेही भाऊ, वहिनी, अलीझा, सगळे राजी. फक्त आजोबांचं मीठ राहिलं. त्यांनी एकदा होकार दिला की हा शेवटचा शुक्रवार, पुढच्या महिन्यात लेगपीस दुकानात.

निघताना ती दाराशी थबकली. तिथं चपलांचा एकच जोड होता, नेहमीसारखा. तिनं तो पाहिला, आपल्या चपला पायात सरकवल्या आणि म्हणाली, "साहेबांले घाई असन तर असन. आजोबांचं खरं मत असन तेच लिवा, खाला. त्यायच्यावर जबरदस्ती नका करू."

कुलसुमबींनी पाच ताटल्या मांडल्या. फुरकान राजी, तुबा राजी, अलीझा चीज लागून राजी. मग त्या भिंतीशी टेकून नियाजमियाँच्या जागी बसल्या आणि तुकडा तोंडात टाकला. आवरण कुरकुरीत, आत मऊ, आणि मीठ असं बरोबर, की कणभर इकडे नाही की तिकडे नाही. त्या पेन हातात धरून बसून राहिल्या. आजवर त्यांनी एका शब्दानंही खोटं मत लिहिलं नव्हतं. शेवटी त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या, नियाजमियाँ घालायचे तशाच, आणि शांतपणे लिहिलं.

रविवारी फुरकाननं आधी तेच विचारलं. "अम्मी, अब्बा क्या बोले?"

"नमक कम है," कुलसुमबी म्हणाल्या.

"अगले जुम्मे को तो मानेंगे ना?" फुरकाननं विचारलं.

"तेरे अब्बा?" कुलसुमबी म्हणाल्या. "कभी माने थे क्या?"