गफूर पिंजाऱ्याचा सूर

वैशाख शुद्ध पंचमी, तिसरा प्रहर. जागा आमचा ओटा. हजर: मी, माझे थोरले भाऊ दादा, म्हणजे वधूपिता, उस्मान सनईवाला, आणि लग्न लावणारे भटजी. गैरहजर: गफूर पिंजारी, कारण बैठक त्याच्याबद्दलच होती.

गैरहजर म्हणायचं एवढंच. नंदुरबारातली आमची गल्ली इतकी अरुंद, की समोरच्या दुकानात गफूर काय करतो ते आम्हाला न बघता कळत होतं. तो लोट्यात फुंकत होता. पाणी भरलेला पितळी लोटा, त्यात एरंडाच्या देठाची पोकळ नळी, आणि नळीच्या दुसऱ्या टोकाला पन्नाशीचा गफूर. बुडबुड, बुडबुड. मध्ये खंड नाही. आमची सगळी चर्चा त्या आवाजावर चालली.

ज्यांना सनईतलं ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. सनई एकटी वाजत नाही. वाजवणाऱ्याच्या शेजारी दुसरा माणूस तसंच वाद्य घेऊन बसतो आणि शेवटपर्यंत एकच सूर धरतो. त्याला कोणी बघत नाही, वाहवा देत नाही; पण तो थांबला तर सनई उघडी पडते. त्याला श्वासासाठी थांबायची मुभा नाही. नाकाने हवा आत घ्यायची आणि त्याच वेळी गालांत साठवलेली तोंडातून सोडत राहायची. ही युक्ती शिकण्यासाठी लोटा. बुडबुडे थांबले की श्वास चुकला.

आता हे शिकायला सगळ्यात नालायक माणूस कोण, असं मला कोणी विचारलं असतं तर मी पिंजाऱ्याचं नाव पहिलं घेतलं असतं. जन्मभर कापूस पिंजून गफूरची छाती कापसाने भरलेली. त्याचा खोकला इतका नेमाचा, की गल्लीतल्या बायका त्यावरून वेळ धरून दूध तापवायला ठेवत.

त्यातून त्याला गाण्याबजावण्याचा मनापासून तिटकारा. त्याचा मुलगा यासीन आपल्या मामाकडे, म्हणजे या उस्मानकडे, सूर धरायला शिकला. हा लोटा त्याचाच. पोरगा संध्याकाळी फुंकत बसला, की गफूर पिंजणाची तार टणकावत ओरडायचा, "आरे, फुकटनी फुंकाफुंक! पानी पिवाले ऱ्हास, बोलाले नही!" कधी कधी येऊन लोटा नाल्यात रिता करायचा. यासीन हसायचा आणि परत भरून आणायचा.

मग मानमोडीची साथ आली. दिवाळीला गल्लीत पणत्या लावायला माणसं नव्हती. यासीन तापला आणि आठवडाभरही टिकला नाही. श्वास लागून गेला. ज्याला श्वास कसा पुरवायचा एवढं एकच नीट येत होतं, तो.

त्या हिवाळ्यात गफूरकडे कोणी गादी भरायला टाकली नाही. मेलेल्यांच्या गाद्यांचा गावाबाहेर ढीग पडला होता, तो पेटवायचं काम म्युनिसिपालिटीने ज्या चार जणांवर सोपवलं त्यांत मी होतो. गफूर बघायला आला. ढिगाकडे बराच वेळ पाहून म्हणाला, "मास्तर, बठ्या मन्हाच हातन्या शेतस. देखा, एकमा बी गाठ नही." कापसात गाठ राहू नये हे त्याचं जुनं पालुपद. पेटल्या गाद्यांसमोर ऐकायला ते बरं वाटलं नाही. पण त्या दिवसानंतर ते मी पुन्हा ऐकलं नाही.

संक्रांतीच्या सुमारास गफूर उस्मानकडे गेला आणि म्हणाला, "मन्हा पोऱ्यानी जागा खाली नको ठेवू. मी बसस." उस्मानला वाटलं, दुःखाने डोकं फिरलं. मेहुण्याला नाही कसं म्हणायचं, म्हणून त्याने लोटा आणि नळी दाखवली. महिनाभरात कंटाळेल, असा त्याचा हिशेब होता.

गफूर कंटाळला नाही. गिऱ्हाईक आलं तरी तोंडातली नळी काढेना. भुवया वर म्हणजे हो. डोळे मिटले म्हणजे उद्या या. बुडबुडे एकदम वाढले म्हणजे उशी इतक्या स्वस्तात होणार नाही. गल्ली ही भाषा शिकली. कोमट्याची म्हातारी तर त्याच्याशी अर्धा अर्धा तास भांडायची आणि जिंकून घरी जायची. त्याने बिडी सोडली. पिंजण सकाळपुरतं ठेवलं, तेही नाकातोंडाला ओलं फडकं बांधून. आणि नवं पालुपद आलं: "तुटाले नको." चहा ओतताना धार तुटाले नको. टाका घालताना दोरा तुटाले नको. दोन शेजारणी भांडत असल्या तरी हा नळी क्षणभर बाजूला करून म्हणायचा, "चालू द्या, चालू द्या, तुटाले नको."

मग यासीनचं सुराचं वाद्य हाती आलं. पहिल्या दिवशी त्यातून जो आवाज निघाला त्याने दादांची शेळी दावं तोडून गेली. ती धरून आणायला मीच गेलो होतो. दादा म्हणाले, "हाऊ सूर शे का रेडकू अडकी गयं?" पण फाल्गुनापर्यंत रेडकाचा सूर झाला. फार चांगला नाही. पण लांब.

किती लांब, ते गल्लीच्या तोंडाशी कोमट्याकडे लग्न लागलं तेव्हा कळलं. मंगलाष्टकं सुरू होताना सनई थांबते, हे लहान पोरालाही ठाऊक असतं. उस्मान थांबला. नगारा थांबला. गफूर डोळे मिटून चालूच. भटजींनी आवाज चढवला. उस्मानने कोपराने ढोसलं. गफूरला ती शाबासकी वाटली असावी. त्याने आणखी जोर लावला. भटजींचं 'सावधान' कुणाला ऐकू गेलं नाही. काहींनी अक्षता आधी टाकल्या, काहींनी नंतर, आणि नवरामुलगा अंतरपाटावरून डोकावून विचारायला लागला, "व्हयनं का?" अखेर खोकल्यानेच तो सूर तोडला. गफूर ओणवा होऊन इतका खोकला, की वराकडच्या बायकांनी मुलं पदराखाली घेतली. साथीचं साल नुकतंच सरलेलं. खोकल्याला लोक अजून घाबरत.

मी वाद्य उचलून बाजूला ठेवलं. त्याच्या तोंडात धरायच्या पत्तीला लाल लागलं होतं.

"पान," गफूर म्हणाला.

गफूरने पान खाल्लेलं मी कधी पाहिलेलं नाही.

बैठकीपुढचा विषय हा होता. दशमीला माझ्या पुतणीचं, गोदीचं लग्न. भटजी म्हणाले, "मी एकदा ओरडलो. पुन्हा घसा नाही." दादा म्हणाले, "लगीनमा खोकला नको. आपला घरमा यंदा दोन गयात." उस्मान खाली मान घालून बसला होता. त्याने शहाद्याहून सूर धरणारा एक जण ठरवला होता, तरुण आणि छातीचा धड. पण गफूरला सांगायला तो तयार नव्हता. "मन्ही बहीनना नवरा शे, मास्तर. मी कोनता तोंडघाई सांगू?"

ठराव असा झाला, की गफूरने येऊ नये आणि हे त्याला मास्तरांनी सांगावं. गल्लीतली मंडपापासून मयतीपर्यंतची सगळी कामं माझ्याकडे असतात. ज्यांना कोणी हात लावत नाही तीही. त्यामुळे मी चपला घातल्या आणि समोर गेलो.

गफूरने मला बघून एक बोट वर केलं: थांबा. मी पायरीवर बसलो. बुडबुड चालू. आत जैनबबी, गफूरची बायको, भाकरी थापत होती. हातांचा थपथप आवाज, मग तव्यावर टाकल्याचा, मग पुन्हा थपथप. दिवस कलला होता. गफूरच्या कपाळाच्या शिरा वर आल्या होत्या. एकदा खोकला आला. त्याने तो गालात दाबला आणि डोळ्यांतून पाणी काढलं, पण बुडबुडा मोडला नाही.

आतलं थापणं थांबलं. ताट ठेवल्याचा आवाज आला. ती जेवायला बसली असावी. काही वेळाने भांडं घासल्याचा आवाज आल्यावर गफूरने नळी काढली आणि भिंतीला टेकला.

"बोला, मास्तर."

मी म्हटलं, "एवढा जीव का काढतो आहेस?"

त्याने आत पाहिलं आणि आवाज उतरवला. "यासीन रोज याच येळले फुंके. ती तव्हय भाकरी टाके. तो गया, तधळपशी आमनी चूल पेटनी नही. शेजारी देयेत, ते बी ती खाये ना. संक्रांतना आधी एक दिन मी रिकामा बसेल व्हतू, लोटामा फुंकं. घरना मझारतून परातना आवाज उना." नळी झटकत तो म्हणाला, "मी थांबनू का ती बी थांबस."

"तिला काय वाटतं? यासीन आहे असं?"

"इचारं नही. कसाले इचारू?"

मी लग्नाचा विषय काढायला तोंड उघडलं, तेवढ्यात तोच म्हणाला, "कोमट्याकडे मन्ही चूक व्हयनी. माले समजनं व्हतं, उस्मान थांबना ते. पन ती आठे आमना ओटावर येईसन बसनी व्हती. मानमोडीपासून पहिल्यांदाच दारना बाहेर. मी सूर सोडा असता ते ऊठीसन मझार चालनी जाती." त्याने लोट्यातलं पाणी नीट पायरीच्या कडेला ओतलं. "गोदीना लगीनले ती मांडवमा येवाव शे. लुगडं काढी ठेयेल शे. यंदा मी बरोबर ठिकाने थांबसू. मास्तर, तुम्ही फक्त इशारा करा."

"करीन," मी म्हणालो, आणि परत आलो.

ओट्यावर तिघेही बसून होते. दादांनी विचारलं, "सांगं का?"

"तो फुंकत होता," मी म्हटलं.

हे मी नवमीला लिहितो आहे. मांडव झाला. पत्रावळी आल्या. आडाचं पाणी उपसून झालं. वऱ्हाडाच्या गाड्यांना बैल मिळाले. भटजींना खडीसाखर पोचली. उस्मानचा शहाद्याचा माणूस उद्या सकाळी उतरतो आहे. गफूरला सांगायचं राहिलं आहे.