सतरा दिसतोय का?

देवरेकाकांच्या तावडीतून भाजीवालीसुद्धा सुटत नाही. पंचवटीच्या बाजारात "दोन जुड्या मेथी, अर्धा किलो वांगी" एवढं सांगून ते थांबतात आणि म्हणतात, "रिपीट करा." तिने तेच शब्द त्याच क्रमाने म्हटले, की "बरोबर" म्हणून पिशवी उघडतात. एकदा एक भाजीवाली वैतागली. म्हणाली, "बाबा, मला ऐकू येतं. घ्यायची तर घ्या, नाय तर पुढं व्हा." काका पुढे झाले. मेथी दुसरीकडे घेतली, पण रिपीट करवूनच.

काका मनमाडकडच्या लाइनीवर स्टेशनमास्तर होते. पुढच्या स्टेशनचा मास्तर फोनवर शब्द न् शब्द परत म्हणत नाही आणि वर खूण म्हणून दोन आकडी खासगी नंबर देत नाही, तोवर गाडी सोडायची नाही, हा तिथला नियम. तो त्यांनी घरीही आणला. त्यांचा योगेश शाळेत असताना "डबा घेतला, थेट घरी येईन" असं परत म्हटल्याशिवाय उंबरठा ओलांडू शकत नसे.

निवृत्तीनंतर माणसं तुळशी लावतात, काकांनी ब्लॉकचेनचा नोड लावला. म्हणजे जगभरचे हजारो कॉम्प्युटर एकच नोंदवही सांभाळतात, त्यातला एक यांच्या दिवाणखान्यात. काळ्या पडद्यावर काका हुकूम टाइप करतात, तेही मोठ्याने म्हणत. माउसला हात लावत नाहीत. "माउसने चूक कोणाची ते कळत नाही," म्हणतात. यातून काका कोट्यधीश झाले, अशी आमच्या सोसायटीची खात्री आहे. प्रत्यक्षात वाढलंय ते फक्त विजेचं बिल.

हे यंत्र बसवून दिलं योगेशनेच. आईच्या अंत्यविधीला तो जर्मनीहून निघाला, पण पोचला एक दिवस उशिरा. तेरावा होईपर्यंत बापलेक या कॉम्प्युटरपुढे बसून होते. तो परत निघताना मात्र काका त्या उशिरावरून नको ते बोलले. त्याला दोन वर्षं झाली. तेव्हापासून फोन नाही, ना इकडून ना तिकडून.

गेल्या शनिवारी मी, त्यांची शेजारीण, काकांना मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर घरी आणलं. एका डोळ्यावर पट्टी, दुसऱ्याने जेमतेम दिसतं. आमच्याकडे सकाळपासून वीज नव्हती, इन्व्हर्टरनेही मान टाकलेली. नोड बंद. दुपारी वीज आली तशी डॉक्टरांनी आडवं व्हायला सांगितलेले काका शेजारी खुर्ची ओढून बसले आणि मला म्हणाले, "मॅडम, बसा कीबोर्डवर."

मी शाळेत भूगोल शिकवते. कॉम्प्युटरवर निकाल भरतानाही मला घाम फुटतो. काका एकेक अक्षर सांगत, मी म्हणत होते आणि दाबत होते. शेवटी घाईत एंटर दाबलं आणि पडद्यावर उंची, म्हणजे वहीची किती पानं झाली तो आकडा, शून्य आली. मी ती वाचली आणि काका खुर्चीतून उठलेच. जुनी वही जिच्यात होती त्या बाहेरच्या डिस्कचा पत्ता घालायचा मी विसरले होते, त्यामुळे यंत्राने सगळी वही पहिल्या पानापासून लिहायला घेतली होती.

"थांबवा. मी रिपीट करा म्हणालो नव्हतो, तुम्ही गाडी सोडली," काका म्हणाले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

थांबवलं. पुन्हा सगळं टाइप केलं, पत्त्यासकट. या वेळी जुनी वही सापडली. मग जगातली कोणकोणती मशीनं जोडली गेलीत त्याची यादी काढायला त्यांनी सांगितलं. मी एकेक नंबर वाचू लागले.

"शेवटी सतरा असलेला दिसतोय का?"

"नाही, काका."

मिनिटभराने तेच. आणखी मिनिटभराने तेच. आता डोळ्याला काही झालं तर डॉक्टरांना काय सांगू, या धास्तीने मी चिडून विचारलं, की एवढ्या जगात हा सतरा कोण लागून गेलाय?

"योगेशचं मशीन," काका म्हणाले. "ते दिसलं, की तिकडे सगळं ठीक आहे असं मी समजतो."

मी गुपचूप पुन्हा यादी काढली. सतरा नव्हता. तेवढ्यात माझा फोन वाजला, परदेशातला नंबर.

"काकू, मी योगेश. बाबांचं मशीन सकाळपासून दिसत नाहीये. ते बरे आहेत ना?"

मी फोन काकांच्या हातात दिला. त्यांनी तो कानाला धरला.

"डोळ्याचं ऑपरेशन झालं. मोतीबिंदू. काळजीचं कारण नाही."

कोणी न सांगता योगेश सावकाश म्हणाला, "डोळ्याचं ऑपरेशन झालं. मोतीबिंदू. काळजीचं कारण नाही."

"बरोबर," काका म्हणाले. पण आवाज असा फुटला, की तो मलाही नीट कळला नाही.

"बाबा, ऐकू नाही आलं," तिकडून योगेश म्हणाला. "रिपीट करा."