रसेलची अर्धा किलो बारूद

शनिवारी न्याहारी आटोपून रसेल मागच्या खोलीत काडतुसं भरायला बसला. एप्रिल, म्हणजे तिकडचा शरद, लागला होता, ओवाकाच्या डोंगरात लाल हरणांचे नर डुरकू लागले होते, आणि सोमवारी त्याला मित्राबरोबर शिकारीला निघायचं होतं. नवं यंत्र मोठं गुणी होतं. वरच्या नळकांड्यात बारूद ओतायची, हवा तो आकडा दाबायचा, की पठ्ठ्या खालच्या वाटीत दाणा न् दाणा मोजून टाकायचा आणि पुरे झालं की 'पीं' म्हणायचा.

रसेलनं अर्धा किलोचा डबा नळकांड्यात पालथा केला आणि तेवढ्यात फोन वाजला. खोलीत आवाज नीट येईना, म्हणून तो मागच्या अंगणात गेला. शिधा कुणी आणायचा यावर मित्राशी वीस मिनिटं वाद झाला. परत येऊन बघतो तर नळकांडं रिकामं.

डबाही रिकामा. आपण बारूद विकत तरी आणली होती का, अशी त्याला शंका आली. मग यंत्राच्या बाजूला नजर गेली. उरलेली बारूद काढून घ्यायची छोटी तोटी सताड उघडी होती. म्हणजे सगळा माल आधी टेबलावर आणि तिथून गालिच्यावर. पण गालिचा तर लख्ख, त्यावर व्हॅक्यूमचे ताजे पट्टे.

"नायरी," त्यानं बायकोला हाक मारली.

ती घरात नव्हती. स्वयंपाकघरात तिचा फोन होता आणि फोनखाली चिठ्ठी. 'किती रे वाळू आणतोस घरात. काढून टाकली. चर्चच्या हॉलचा व्हॅक्यूम परत द्यायला जातेय. उद्याच्या सुगीच्या प्रार्थनेसाठी तिथे सफाई आणि गाण्याची तालीम आहे.'

घरचा व्हॅक्यूम महिनाभर बंद होता, आणि 'आज दुरुस्त करतो, उद्या करतो' म्हणणारा रसेलच होता.

व्हॅक्यूमच्या मोटारीतली एक ठिणगी पुरे होती. घरात ती उडाली नाही ही देवाची कृपा. पण आता हॉलचं सगळं एकट्या देवावर टाकून चालणार नव्हतं. त्यानं गाडी काढली.

पुलाजवळ शेजाऱ्याच्या मेंढ्या रस्ता ओलांडत होत्या.

"जरा लवकर हाक ना बाबा."

"त्यांनाच सांग," शेजारी म्हणाला. "माझं ऐकत असत्या तर काय हवं होतं."

हॉलच्या दारात पोचला तेव्हा आतून जड घरघर ऐकू येत होती. रसेलनं मागचापुढचा विचार न करता भिंतीतला पहिला दिसलेला प्लग उपटला. घरघर थांबली. तिच्याबरोबर स्तोत्रही थांबलं. तो प्लग ऑर्गनचा होता.

"रसेल," ऑर्गनवर बसलेल्या मॉर्नाबाईंनी चष्म्यावरून पाहिलं. वय अठ्ठ्याहत्तर, आवाज खणखणीत. "गाणं आवडलं नसेल तर तसं तोंडानं सांगावं."

"व्हॅक्यूम लावू नका. आत बारूद आहे."

गाणाऱ्यांत उभी असलेली नायरी मटकन बाकावर बसली. "अरे, मला वाटलं वाळू."

"तुझी नाही, माझी चूक," तो म्हणाला, आणि डझनभर माणसांसमोर त्यानं तोटीपासून मेंढ्यांपर्यंत सगळं कबूल केलं.

मग मॉर्नाबाईंनी विचारलं, "किती होती?"

"अर्धा किलो."

"तरीच. धुळीची पिशवी जड लागली."

"तुम्ही उचललीत?"

"बायको तुझी दारात व्हॅक्यूम ठेवून कोट काढत होती, तेवढ्यात मी पिशवी पाण्याच्या बादलीत बुडवली. एप्रिलात बाहेर गेलेला व्हॅक्यूम आला की मी आधी तेच करते."

"पण तुम्हाला कसं कळलं?"

"दोन वर्षांपूर्वी माझी जिन्यावर सांडली. मी चहा करत होते, ती आपली पायरी पायरीनं उतरत होती."

"तुम्ही काडतुसं भरता?"

"मग हरणं काय स्तोत्रं ऐकून पडतात?"

मागच्या रांगेत एक हात हळूच वर झाला. मग आणखी एक. बघता बघता पाच झाले. "मी कुत्र्यावर ढकललं होतं," एक जण पुटपुटला. पाळकसाहेबांनी हात वर केला नाही, पण ते एकाएकी खिडकीबाहेर बघू लागले.

"आणि मला कुणी एका शब्दानं सांगितलं नाही," नायरी म्हणाली.

"कोण कुणाला सांगणार, बाई," मॉर्नाबाई म्हणाल्या. "प्रत्येकाला वाटत होतं, एवढं बावळट आपण एकटेच."

रसेलला हसू आलं.

"लाव तो प्लग," मॉर्नाबाईंनी फर्मावलं. "दुसरं कडवं, सुरुवातीपासून. आणि तू कुठे निघालास? मागे जागा आहे."

रसेलचा सूर आयुष्यात कधी लागला नव्हता. त्या दिवशीही लागला नाही. पण तो मोकळ्या गळ्यानं गायला आणि कुणी मागे वळून पाहिलं नाही. नायरीनं मात्र कडवं संपेपर्यंत त्याचा दंड घट्ट धरून ठेवला होता, बहुधा तो पळू नये म्हणून.