लाला चिरंजीलाल यांचा हयातीतला पुनर्जन्म

लाला चिरंजीलाल वार्ष्णेय घराच्या ओट्यावर बसून डाळ भरलेल्या बेडई-पुरीचा दुसरा तुकडा बटाट्याच्या रश्शात बुडवत होते, तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी एक ट्रॅक्टर येऊन थांबला. मागच्या ट्रॉलीत पंचवीस-तीस माणसं दाटीवाटीने उभी होती आणि सगळ्यांचे चेहरे लग्नघरी आल्यासारखे उजळलेले होते. पुढे एका आडदांड शेतकऱ्याच्या खांद्यावर चार-साडेचार वर्षांची एक मुलगी बसली होती.

"रामराम," शेतकरी म्हणाला. "हिंगवाले लाला चिरंजीलाल यांचं घर हेच ना?"

"हेच."

"म्हणजे स्वर्गवासी लाला चिरंजीलाल?"

लालाजींचा घास हातातच राहिला. "चिरंजीलाल मीच."

शेतकऱ्याने मागे वळून ट्रॉलीकडे पाहिलं. ट्रॉलीतले चेहरे उतरले.

"नाही हो," तो समजुतीच्या सुरात म्हणाला, "आम्हाला वारलेले हवेत."

शेतकऱ्याचं नाव सोबरन सिंग. सात कोसांवरच्या नगला बीरबलमध्ये त्याची बटाट्याची शेती होती. त्याची मुलगी बिट्टो बोलायला लागल्यापासून एकच धोशा लावून बसली होती, की मी हाथरसचा लाला चिरंजीलाल, माझा हिंगाचा कारखाना आहे आणि माझ्या बायकोचं नाव कैलासी. घरच्यांनी दृष्ट काढून पाहिली, ताईत बांधून पाहिला. शेवटी गावाने ठरवलं, की पोरीला एकदा नेऊनच दाखवू. गावात अशी मुलं याआधी तीन निघाली होती आणि तिन्ही वेळा मागच्या जन्मीच्या घरच्यांनी सगळ्या गावाला पुरी-हलव्याचं जेवण घातलं होतं. त्यामुळे ट्रॉली सकाळपासून उपाशी होती.

"अरे पण मी मेलोच नाही!" लालाजी ओरडले.

"ते तुमचं तुम्ही बघा, लालाजी. आम्ही डिझेल जाळून आलोय."

तोवर बिट्टो खांद्यावरून उतरून सरळ आत शिरली होती. "चपला बाहेर," तिने बापाला दटावलं. अंगणात लालाजींची बायको मेथी निवडत बसली होती. बिट्टो तिच्यासमोर जाऊन कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"कैलासी, गुडघा कसा आहे तुझा?"

कैलासीच्या हातातली जुडी गळून पडली. तिने मुलीकडे पाहिलं, मग दारात उभ्या असलेल्या नवऱ्याकडे पाहिलं, आणि तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. "बेचाळीस वर्षं झाली लग्नाला. आज पहिल्यांदा विचारलंत हो!"

"अगं, मग त्यातच सिद्ध झालं ना, की ती मी नाही!" लालाजी म्हणाले. पण हा मुद्दा कोणी ऐकून घेतला नाही.

लालाजींचा मुलगा मुकुंद जरा शिकलेला होता. त्याने ठरवलं, की या भाबडेपणाचा एकदाच निकाल लावायचा. त्याने कोठारातून हिंगाचे तीन खडे आणून बिट्टोपुढे मांडले. पहिला तिने हुंगला आणि मान डोलावली. दुसरा हुंगला आणि मान डोलावली. तिसऱ्याला मात्र तिने लागोपाठ चार शिंका दिल्या.

"पीठ आहे यात," ती म्हणाली.

"हा तर मी स्वतः पारखून घेतलेला माल आहे!" लालाजी म्हणाले. "गेल्याच आठवड्यात!"

मुकुंदने तो खडा पाण्यात विरघळवला. पेल्याच्या तळाशी बोटभर पिठाचा थर बसला. त्याने पेला उजेडात धरून पाहिला आणि मग बिट्टोकडे वळून विचारलं, "बाबूजी, काबूलचा नवा माल यायचाय. तो घ्यावा की थांबावं?"

"बाबूजी इकडे आहेत!" लालाजी किंचाळले.

पुढच्या घटकाभरात बिट्टोने गादीखालची सुपारीची डबी काढली. डबीत सुपारी नव्हती, पेढे होते. लालाजींना साखरेचा विकार होता आणि पेढे बंद होऊन सहा वर्षं झाली होती, निदान कैलासीच्या समजुतीप्रमाणे. तिने डबीकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं आणि कढई चढवायला स्वयंपाकघरात निघून गेली. ट्रॉलीतल्या माणसांनी समाधानाने अंगणात मांड्या घातल्या.

लालाजींना आता एकच आधार उरला होता. त्यांनी स्वतः माणूस पाठवून पंडित नत्थीलाल शास्त्रींना बोलावून घेतलं. पंडितजी आले, चार पुऱ्या खाऊन शांत झाले, आणि मग त्यांनी सगळी हकीकत डोळे मिटून ऐकली.

"पंडितजी, तुम्हीच सांगा या येड्यांना," लालाजी म्हणाले. "माणूस मेल्याशिवाय पुन्हा जन्माला येतो का?"

"छे! त्रिवार अशक्य."

"ऐका! ऐका सगळे!" लालाजींनी विजयी मुद्रेने अंगणावरून नजर फिरवली.

"आत्मा जुनी वस्त्रं टाकल्याशिवाय नवी घालत नाही," पंडितजी पुढे म्हणाले. "तेव्हा प्रश्न एवढाच उरतो, लालाजी, की तुम्ही मेलात कधी?"

मग सोबरन सिंगने मुलीचा जन्मदिवस सांगितला. होळीनंतरचा तिसरा दिवस, सकाळी अकराचा सुमार. स्वयंपाकघराच्या दारात उभ्या असलेल्या कैलासीच्या हातातला झारा थांबला.

"अगंबाई! त्याच दिवशी यांचं हर्नियाचं ऑपरेशन झालं अलिगढला. डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले होते, माताजी, दीड मिनिट नाडीच लागत नव्हती."

"दीड मिनिट?" पंडितजी म्हणाले. "दीड मिनिटात आत्मा तिन्ही लोक फिरून येईल. नगला बीरबल काय, रस्त्यातच आहे."

"पण मी परत आलो ना!" लालाजी म्हणाले. त्यांचा आवाज आता जरा बारीक झाला होता. "शुद्धीवर आलो, चहा मागितला!"

"कोणीतरी आलं, हे खरं," पंडितजी म्हणाले. "पण कोण आलं? कैलासीदेवी, शेजारच्या खाटेवर त्या वेळी कोणी दगावलं होतं का हो?"

"दगावलं होतं! बँडवाले रोशन मास्तर! क्लॅरिनेट वाजवायचे. यांच्या शेजारीच गेले बिचारे, त्याच सकाळी."

पंडितजींनी दोन्ही हात पसरले. आता सांगायला काही उरलंच नव्हतं. रोशन मास्तरांचा जीव बाहेर पडला, शेजारचं घर रिकामं दिसलं, दार उघडं दिसलं, तो शिरला. सगळं अंगण लालाजींकडे वळून त्यांना नव्याने न्याहाळू लागलं.

लालाजींना हसायचं होतं, पण हसू येईना. कारण त्यांना आठवलं, की जन्मभर कारल्याकडे न बघणारे आपण ऑपरेशननंतर कारलं मागून घ्यायला लागलो. आणि गल्लीतून वरात चालली की आपली बोटं आपोआप मांडीवर नाचतात. त्यांनी घाईघाईने दोन्ही हात बगलेत दाबून धरले.

हाथरस काही फार मोठं नाही. तीन वाजेपर्यंत बातमी बँडवाल्यांच्या मोहल्ल्यात पोहोचली आणि सव्वातीनला रोशन मास्तरांची विधवा फूलवती रिक्षातून उतरली. बाई धिप्पाड होती. तिने लालाजींभोवती एक फेरी मारली.

"चेहरा पार बदललाय," ती म्हणाली, "पण पोट पुढे काढून उभं राहायची ढब तीच."

"बाई, मी वार्ष्णेय आहे. माझा हिंगाचा—"

"लेकीचं लग्न अकरा दिवसांवर आलंय. कन्यादानाला बाप नाही म्हणून रोज रडते पोर. आणि तुम्ही इथे बेडई खात बसलाय? पावणेपाच वर्षं? लाज नाही वाटली? चला घरी!"

लालाजींनी आशेने बायकोकडे पाहिलं. बेचाळीस वर्षांच्या संसाराची काही किंमत असेल, तर ती आज कळणार होती.

"धोतरं किती बांधून देऊ?" कैलासीने विचारलं. "थंडीचे दिवस आहेत, कोट पण घेऊन जा."

लालाजी मागे सरत सरत दुकानाच्या खोलीत गेले आणि त्यांनी दार लोटून घेतलं. आत त्यांच्या गादीवर, त्यांच्याच लोडाला टेकून बिट्टो बसली होती. तिचे पाय पोटाशी आखडून घेतलेले होते आणि चेहरा दमलेला होता. दिवसभर लोकांनी तिला एवढे प्रश्न विचारले होते, की तिने तोंडात पदराचं टोक धरावं तसा फ्रॉकचा गळा धरला होता.

लालाजी तिच्यासमोर जमिनीवर बसले. "खरं सांग हं. तू मी आहेस?"

"हो."

"मग मी कोण?"

बिट्टोने खांदे उडवले. "मला काय माहीत? मी चार वर्षांची आहे."

हे उत्तर लालाजींना त्या दिवसातलं सगळ्यात शहाणपणाचं वाटलं. मग हात जोडून ते म्हणाले, "बिट्टो बेटा, माझं एक काम कर. बाहेर जाऊन एवढंच सांग, की मी लाला नाही. चूक झाली. सांगशील? नाहीतर माझं घर जातंय गं. या वयात मी क्लॅरिनेट कुठे शिकू?"

बिट्टोने त्यांच्याकडे निरखून पाहिलं. "मग रडणं थांबवाल?"

आपण रडतोय हे लालाजींना तोवर ठाऊक नव्हतं. "थांबवेन," ते म्हणाले.

बिट्टो बाहेर गेली आणि अंगणातल्या खाटेवर चढून उभी राहिली.

"मी लाला नाही," ती म्हणाली.

लालाजींनी दाराची चौकट धरून सुटकेचा श्वास सोडला. पण सोबरन सिंगला असं कसं चालेल? ट्रॉलीभर माणसं एखाद्याच्या घरी जेवून, कोणीच नसलेली मुलगी घेऊन परत जाणार?

"मग कोण आहेस गं तू?" त्याने विचारलं.

बिट्टोने विचार केला. तिची नजर अंगणभर फिरली आणि लालाजींवर येऊन थांबली.

"टुइंया," ती म्हणाली, "उन्हात उघड्या डोक्याने उभा राहू नकोस. टोपी घाल."

लालाजी चौकटीपाशीच खाली बसले. टुइंया म्हणजे पोपटाचं पिल्लू. त्यांना या नावाने हाक मारणारं माणूस साऱ्या जगात एकच होतं, आणि ते माणूस, म्हणजे त्यांची आई, अकरा वर्षांपूर्वी गेलं होतं. हे नाव त्यांनी बिट्टोला सांगितलं नव्हतं. मोठेपणी त्यांनी ते कोणालाच सांगितलं नव्हतं.

अंगणाच्या दुसऱ्या टोकाला 'खण्' असा आवाज झाला. कैलासीच्या हातून झारा पडला होता. सासूच्या हाताखाली एकतीस वर्षं काढलेल्या त्या बाईने क्षणात पदर ओढून हनुवटीपर्यंत आणला आणि भिंतीला चिकटून उभी राहिली.

"अम्माजी," ती पदराआडून पुटपुटली, "ती मेथी निवडायची राहिली, ती या गडबडीत..."

पंडितजींनी बोटं मोजली. आई अकरा वर्षांपूर्वी गेल्या, मुलीचा जन्म पावणेपाच वर्षांपूर्वीचा, मधला काळ पितृलोकात, सगळं चोख बसत होतं. आईचा जीव लेकरात अडकलेला, म्हणून पोरगी लेकाचं नाव आपलं म्हणून सांगत होती. आणि ज्या अर्थी ती आई, त्या अर्थी लालाजी लालाजीच. नाडी दीड मिनिट लागली नाही, ती डॉक्टरला लागली नाही.

"म्हणजे आमचे हे इथे नाहीत?" फूलवती म्हणाली, आणि एवढी धिप्पाड बाई मटकन खाली बसून पोरीसारखी हुंदके द्यायला लागली. "मग कन्यादान कोण करणार हो?"

तिचं रडणं बघून बिट्टोचाही ओठ बाहेर आला. "रडू नको ना," ती म्हणाली. "टुइंया करेल. कैलासी पण बसेल."

तासाभरापूर्वी हेच लालाजींना कोणी सांगितलं असतं, तर त्यांनी त्याला गल्लीच्या बाहेर घालवलं असतं. आता त्यांनी बायकोकडे पाहिलं. पदर खालीवर हलला.

"जी, अम्माजी," कैलासी म्हणाली.

अकराव्या दिवशी बँडवाल्यांच्या मोहल्ल्यात लाला चिरंजीलाल आणि कैलासीदेवी यांनी रोशन मास्तरांच्या मुलीचं कन्यादान केलं. पाठवणीच्या वेळी लालाजी इतके रडले, की नवरीलाच त्यांची समजूत काढावी लागली.

त्यानंतर लालाजी दर रविवारी नगला बीरबलला जाऊ लागले. आईच्या जुन्या गोष्टी निघायच्या, बिट्टो ऐकायची, मध्येच एखादी आज्ञा द्यायची. संक्रांतीनंतरच्या रविवारी ते गेले, तेव्हा ती दारात मातीची चूल मांडून खेळत होती.

"अम्मा?" त्यांनी नेहमीप्रमाणे हाक मारली.

बिट्टोने मान वर केली. "अम्मा शेतात गेलीय. तुम्ही कोण?"

लालाजी तिथेच तिच्या चुलीपाशी बसले. तिने त्यांना मातीची भाकरी वाढली, ती त्यांनी खाल्ल्यासारखं केलं. मग तिच्या डोक्यावरून हात फिरवून ते उठले. आई पहिल्यांदा गेली, तेव्हा सांत्वनाला गाव लोटला होता. या वेळी बसमध्ये शेजारच्याने फक्त जरा सरकून बसायला सांगितलं.

घरी कैलासी दारातच उभी होती, डोक्यावर पदर घेऊन. भरदुपार झाली होती आणि अम्माजी परत आल्यापासून रोज पहाटे चारला उठणाऱ्या त्या बाईचे डोळे तारवटलेले होते.

"काय म्हणाल्या अम्माजी?"

लालाजींनी खरं सांगायला तोंड उघडलं. मग तिच्याकडे पाहिलं आणि ते काही वेगळंच बोलून गेले.

"म्हणाल्या, सून फार थकलीय. तिला म्हणावं, दुपारची जरा पडत जा."

कैलासीने पदर मागे सारून नवऱ्याकडे रोखून पाहिलं. "अम्माजी? असं म्हणाल्या?"

"हो... म्हणजे, असंच काहीसं."

"एकतीस वर्षांत मला बसलेली पाहवलं नाही त्यांना, आणि आता पड म्हणतात? काहीतरी लपवताय तुम्ही."

लालाजींनी घसा खाकरला. "आणि म्हणाल्या, फुलके अजून तसेच लाटते का रे ती, गाद्यांसारखे?"

कैलासीने मोठा निःश्वास सोडला. तिच्या चेहऱ्यावरची शंका विरघळली.

"हां," ती म्हणाली, "आता त्याच वाटतात." आणि आत जाऊन, कित्येक वर्षांत पहिल्यांदा, ती भरदुपारी आडवी झाली.