डोळ्याखालचा गुलाब

खरं सांगायचं तर मला गुलाब लावायचाच नव्हता. मी खिळे आणायला निघालो होतो. कपड्यांची दोरी एका बाजूने सुटून आठ दिवस झाले होते आणि त्या रविवारी बायकोने "अहो, खिळे" हे दोनच शब्द अशा काही आवाजात उच्चारले की मी चहा अर्धा टाकून उठलो. आता खिळ्यांच्या दुकानाला लागूनच रोपांची नर्सरी असावी, यात माझा काय दोष? तासाभराने परतलो तो हातात गुलाबाचं रोप घेऊन. खिळे राहिले.

रोप मात्र देखणं होतं. वीतभर उंच, गच्च पानांचं, वर दोन लालभडक फुलं.

"बुटकी जात आहे साहेब," माळी म्हणाला होता. (मला साहेब म्हणणारा तो त्या वर्षातला पहिलाच माणूस. तिथेच मी निम्मा विरघळलो.) "गुडघ्याच्या वर जायची नाही. लहान जागेत झकास. फक्त एक करा. डोळ्यावर लक्ष ठेवा. डोळ्याखाली फुटवा आला की कापायचा. दयामाया दाखवायची नाही."

"डोळ्याखाली," मी म्हणालो.

"डोळ्याखाली," तो म्हणाला.

कुणाच्या डोळ्याखाली, हे विचारायला हवं होतं. पण साहेबलोक असले प्रश्न विचारत नाहीत.

आमची बाग म्हणजे मागच्या दारी दोन गाद्या शेजारी शेजारी अंथरल्या की संपेल एवढी जमीन. त्यातली एक गादी बायकोच्या टोमॅटोंची. उरलेल्या गादीवर अर्धा पुदिना आणि अर्धी सासूबाईंची खुर्ची. सासूबाई आमच्याकडे राहतात. (त्यांच्या मते मी त्यांच्याकडे राहतो.) मी खुर्ची हातभर सरकवली आणि खड्डा खणायला घेतला.

"जावईबापू," सासूबाई म्हणाल्या, "हे रोप जगवायचं आहे, की नुसतं लावायचं आहे?"

मी खड्डा जास्तच जोरात खणला.

तिसऱ्या आठवड्यात बुंध्याशी, अगदी मातीला टेकून, एक हिरवागार फुटवा निघाला. मला माळ्याचे शब्द आठवले. मी ताठ उभा राहिलो आणि समोर पाहिलं. माझी उंची पाच फूट तीन इंच, चपलांसकट. तरीसुद्धा ते अख्खं रोप माझ्या डोळ्यांच्या बरंच खाली होतं. मग कापायचं काय? मी निर्णय पुढे ढकलला. (कचेरीत आम्ही हेच करतो. पुष्कळदा निर्णयाच्या आधी तो मागणारा निवृत्त होतो.)

आणि तो फुटवा सुटला की हो! सकाळी मोजावा तर संध्याकाळी बोटभर पुढे. मूळचं रोप गुडघ्याखाली दोन-चार फुलं घेऊन गपचूप बसलेलं, आणि हा पठ्ठ्या माझ्या कमरेला, मग खांद्याला.

"अहो, हे काहीतरी निराळंच दिसतंय," बायको म्हणाली. "याची पानं बघा. काटे बघा. त्याच्यासारखे आहेत का?"

"वयात येतोय तो."

"आणि फुलं?"

"आधी अंग धरू दे. मग फुलं."

"तुमचंही लग्नात असंच सांगितलं होतं," ती म्हणाली आणि आत गेली.

दोन महिन्यांनी एका सकाळी त्याचा शेंडा माझ्या डोळ्यांच्या वर गेला, आणि माळ्याच्या बोलण्याचा अर्थ मला लख्ख कळला. वर गेला तो गुलाब. डोळ्याखाली राहिला तो फुटवा! मी छाटणीची कात्री आणली आणि ते खालचं खुरटं प्रकरण, फुलांसकट, बुडापासून साफ केलं. दयामाया दाखवली नाही.

बायको धावत बाहेर आली. "अगंबाई! अहो, फुलं त्यालाच येत होती ना?"

"म्हणूनच! सगळं सत्त्व तेच खात होतं."

सासूबाईंनी खुर्चीतून हात पुढे केला. "त्या काड्या टाकू नका. द्या इकडे."

दिल्या. त्यांनी फुलं काढून देव्हाऱ्यात ठेवली आणि काड्या न्हाणीघरामागे रंगाच्या एका रिकाम्या डब्यात मातीत खोचल्या. मांजर येऊ नये म्हणून असेल, असं मला वाटलं. म्हाताऱ्या माणसांना आपण अडवू नये.

आता रान मोकळं झालं. गुलाबाने भिंत गाठली, भिंतीवरून छप्पर. मी बांधलेल्या दोरीवरची नवी चादर (हो, खिळे शेवटी बायकोनेच आणले) त्याने उभी फाडली. विजेचं मीटर पाहायला आलेला माणूस काट्यांत बाही अडकून पाव तास तसाच उभा होता. त्याने वहीत लिहिलं, "मीटर आहे. जाता येत नाही." फूल मात्र एकही नाही. पण मी खचलो नाही. उलट कचेरीत रोज सांगू लागलो.

"आज छपरावर दोन फूट!" एकदा डबा खाताना मी हात वर करून दाखवलं. हात वर असतानाच मागून आमच्या मॅडमचा आवाज आला.

"तुम्ही तर बुटका लाल गुलाब म्हणत होतात ना? बुटका छपरावर गेला?"

"खत, मॅडम," मी म्हणालो. "आणि थोडी माया."

"तीस वर्षं गुलाब लावतेय मी. असा प्रकार ऐकला नाही. रविवारी येते बघायला."

माझी छाती दडपली आणि लगेच फुगली. कारण मी अकरा वर्षं तळघरातल्या रेकॉर्ड खोलीत बसतोय आणि वरच्या मजल्यावर खिडकीजवळचं एक टेबल नुकतंच रिकामं झालं होतं. त्यासाठीचा माझा अर्ज मॅडमच्याच टेबलावर पडून होता. गुलाब पाहून त्या खूश झाल्या, तर खिडकी माझीच!

रविवारी सकाळपासून मी झाडाची पानं ओल्या फडक्याने पुसत होतो. दोन्ही हात ओरबाडले. मॅडम आल्या. पाठमोऱ्या उभ्या राहून वर बघितलं, आणखी वर बघितलं, मग खाली वाकून बुंधा पाहिला. बराच वेळ वाकलेल्याच राहिल्या. मला वाटलं, भारावल्या.

"गुलाब कुठाय?" त्यांनी विचारलं.

"हा काय, मॅडम."

"हा खुंट आहे. रानटी. याच्या बुंध्यावर तुमच्या गुलाबाचा डोळा, म्हणजे कोंब, बसवून कलम केलेलं होतं. ही बघा खूण. खुंटाला डोळ्याखाली फुटवा आला की तो कापायचा असतो, नाहीतर कलम मरतं. माळ्याने सांगितलं नाही?"

"सांगितलं होतं," मी म्हणालो. "पण... डोळा म्हणजे त्याचा?"

"मग कुणाचा?"

मी नकळत माझ्या डोळ्यांकडे बोट नेलं. मॅडमनी माझ्या बोटाकडे पाहिलं, माझ्या उंचीकडे पाहिलं, आणि मग त्यांना सगळा हिशेब लागला. दारात उभी असलेली बायको पदराला तोंड पुसायच्या निमित्ताने आत पळाली. आतून भांडी पडल्यासारखा आवाज आला. भांडी नव्हती ती. हसत होती.

"म्हणजे खरा गुलाब तुम्ही कापून टाकलात," मॅडम सावकाश म्हणाल्या.

"हा का?" सासूबाईंचा आवाज आला.

न्हाणीघरामागून त्या रंगाचा डबा घेऊन येत होत्या. डब्यात जेमतेम टीचभर झुडूप, आणि त्यावर पाच फुलं. पाच! लालबुंद. शेजारी आणखी एका पत्र्याच्या डब्यात दुसरी काडी रुजली होती, तिलाही कळी.

"काकू, काडीपासून वाढवलंत?" मॅडम जवळजवळ ओरडल्या.

"त्यात काय? टाकलेलं उचललं, पाणी घातलं. जावईबापू जिकडे बघत नाहीत तिकडे ठेवलं, एवढंच."

पुढचा दीड तास मॅडम सासूबाईंच्या खुर्चीसमोर उकिडव्या बसून माती, ऊन आणि पाणी यांवर बोलत होत्या. चहा मी केला. दुसऱ्यांदाही मीच केला. निघताना सासूबाईंनी कळी असलेला छोटा डबा मॅडमच्या हातात ठेवला, आणि मी मनात म्हटलं, चला, लाज गेली तरी खिडकी आली. एवढी भेट घेऊन कोण नाही म्हणेल?

सोमवारी दुपारी अर्ज परत आला. मॅडमचं अक्षर सुरेख आहे. "अर्ज नामंजूर. सदर खिडकीत सकाळचे ऊन उत्तम येते, तेथे गुलाब ठेवायचा आहे. पाणी शिपाईमामा घालतील. अर्जदाराने जवळ जाऊ नये."

संध्याकाळी जेवताना मी तो कागद घरात वाचून दाखवला. आवाज शक्य तितका कातर केला. अकरा वर्षांच्या नोकरीवर एक काडी जाऊन बसली, याचं घरच्यांना काहीतरी वाटेल अशी माझी अपेक्षा होती. बायको पोळीला तूप लावत राहिली. सासूबाईंचा चेहरा मात्र खरोखरच काळजीत पडला. त्यांनी घास खाली ठेवला आणि माझ्याकडे वळून विचारलं,

"दुपारचं ऊन तर नाही ना लागणार त्याला तिथे?"